दाढी भिजेपर्यंत

लहानपणी देवी आल्या त्यातून मी वाचलो, पण चेहरा गेला. गालांवर आणि हनुवटीवर जोंधळ्याच्या दाण्याएवढे खड्डे पडले. पुढं त्याच खड्ड्यांतून दाढी उगवली, तीही तारेसारखी राठ आणि वेडीवाकडी. गावचा न्हावी वाटीतलं गार पाणी तळहातानं गालाला चोळायचा आणि वस्तरा लावायचा. बाकीच्यांची दाढी तेवढ्यावर निघायची. माझ्या दाढीबरोबर रक्त निघायचं. बिचारा म्हणायचा, "आता काय करू मालक, वस्तरा खड्ड्यात उतरत न्हाई अन् काठावर थांबत न्हाई." शेवटी मी हिंगोलीच्या बाजारातून पत्तीचं यंत्र, एक ब्रश आणि वाटीतला गोल साबण आणला आणि आपली आपण करायला लागलो.

न करून चालणार नव्हतं. मी कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, कारकून होतो. तिथं निजामाचं राज्य संपायचं आणि वऱ्हाड लागायचं. हिंगोलीहून वाशिमला जाणारी सडक आमच्या फाटकापाशी थांबायची. आम्ही गाड्यांतला माल बघायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाठोडी सोडायला लावायची. वरचे साहेब तपासणीला कधी येतील याचा नेम नसे, आणि कारकुनाच्या तोंडावर खुंट दिसले की ते चारचौघांत पाणउतारा करत. म्हणून रोज सकाळी दाढी. उन्हाळा, पावसाळा, ताप, घरात मयत, काहीही असो. आज मागं वळून बघतो तेव्हा त्या नोकरीतलं दुसरं काही एवढं आठवत नाही, जेवढा तो रोजचा कंटाळा आठवतो. डोळे उघडायच्या आधी हात गालाकडं जायचा. रात्रीतून पुन्हा उगवलेलीच असायची.

नाक्यामागं कौलारू खोल्यांची एक ओळ होती. एका खोलीत मी, बायको आणि लेकरं. शेजारच्या खोलीत नाक्याचा जवान, म्हणजे फाटक उघडणारा आणि बंद करणारा माणूस. तो मुसलमान होता, माझ्याहून बराच मोठा. त्याची बायको वारली होती आणि एकुलती लेक साखऱ्याला दिली होती. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून आम्हीही चाचाच म्हणायचो. तो मला मुन्शीजी म्हणे. उंच, वाळकी अंगकाठी, आणि छातीवर उतरलेली मेंदी लावलेली दाढी. दर शुक्रवारी तो ती धुवायचा, तेल लावून विंचरायचा, मग अंगणातल्या निंबाखाली ऊन घेत बसायचा. फाटकाशी गाडीवान त्याच्याशी नीट बोलायचे, ते त्या दाढीकडं बघूनच, असं माझी बायको म्हणे. माझ्याशी कुणी नीट बोलत नसे.

चाचा पहाटे उठून नमाजाआधी तोंड-हातपाय धुवायचा. थंडीत त्याचं तपेलं अंगणातल्या चुलीवर चढलेलं असे. मी उठेपर्यंत त्यात गरम पाणी उरलेलं असायचं आणि तो म्हणायचा, "घ्या मुन्शीजी, आमचं झालं. तुमची खेती करा आता." त्या उरलेल्या पाण्यामुळंच मी दाढी करायला शिकलो. आधी मी गार पाण्यात घाई करायचो. गरम पाणी फुकट मिळायला लागलं तसं मी ते वाया जाऊ नये म्हणून तोंडावर जास्त वेळ घ्यायला लागलो, आणि एक दिवस लक्षात आलं की आज कापलं नाही.

मग हळूहळू रीतच बसली. सडकेची धूळ आणि अंगचा तेलकटपणा आधी साबणानं धुवून टाकायचं, नाहीतर पाणी केसात शिरतच नाही. मग जुन्या धोतराचं फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून, गालांवर धरून बसायचं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. बोटं फिरवून बघायची. तारेचा सुतासारखा दोरा झाला पाहिजे. त्यावर तिळाच्या तेलाचे दोन थेंब. मग ब्रश गोल गोल फिरवत साबण खालून वर न्यायचा, म्हणजे पडलेले केस उभे राहतात. आणि फेस झाल्याबरोबर पत्ती लावायची नाही. थांबायचं. जरा वेळानं दुसऱ्यांदा फेस करायचा, मग अंगठ्यानं कातडी ताणून, केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेनं पत्ती न्यायची. यात काही विद्या नाही. ज्याचं तोंड रोज सोलून निघतं तो हे शिकतोच. पण वेळ फार जायचा, आणि बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "दाढी करून राहिले का दाढीले न्हाऊ घालून राहिले?" ती वाशिमकडची, तिची बोली आमच्याहून थोडी वेगळी.

अशी बरीच वर्षं गेली.

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला होता, पण आमच्या फाटकाच्या पलीकडं. अलीकडं निजामाचं राज्य तसंच होतं, आणि खाकी कपडे घातलेली, बंदुका-भाले घेतलेली पोरं मोटारींतून फिरायची. हद्दीवरच्या गावांनी त्या वर्षी फार सोसलं. घरंच्या घरं वाशिमकडं निघून गेली. आमचा न्हावीही गेला. मी बायकोला आणि लेकरांना तिच्या माहेरी धाडलं. नोकरी होती म्हणून मी राहिलो, चाचा राहिला. नाक्यावरून माल येणं जवळजवळ बंद झालं होतं. दिवसभर आम्ही दोघं रिकाम्या सडकेकडं बघत बसायचो.

त्या दिवसांत मी दाढी करणं सोडलं होतं. साहेब येत नव्हते. चूल पेटवून दोन भाकरी भाजायचाही कंटाळा यायचा, तिथं दाढी कोण करतो! बऱ्याच दिवसांची वाढ झाली तेव्हा चाचा माझ्याकडं बघून म्हणाला, "मुन्शीजी, दाढी ठेवून राहिलेत का?"

"ठेवत नाही चाचा. वाढून राहिली."

"मग काढा. दाढी ठेवावी लागते. तुमचं हे गवत हाय."

मी हसलो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं तपेलं पूर्ण भरून चढवलं आणि मला हाक मारली. मी दाढी केली. चेहरा हलका झाला, थोडी भूकही लागली, हे आठवतं.

भादव्यात वाशिमच्या बाजूनं फौजेच्या गाड्या आल्या. चाचानं सवयीनं फाटक धरलं होतं, पण पहिल्या गाडीतल्या शिपायानं हात केला तसं त्यानं ते उघडलं, आणि ते पुन्हा बंद करायची वेळ आली नाही. थोड्याच दिवसांत हैदराबादेत राज्य बदलल्याची खबर पक्की झाली. वाशिमकडं गेलेली माणसं परतू लागली. बायकोही लेकरांना घेऊन आली. घरात लेकरांचा आवाज ऐकून मला रडू आलं. मला वाटलं, संपलं सगळं.

संपलं नव्हतं. पारडं फिरलं होतं. ज्यांनी गावांना छळलं होतं ते फौज येण्याआधीच पसार झाले होते. मागं राहिले ते चाचासारखे, ज्यांना पळायचं कारणच ठाऊक नव्हतं. सडकेवरून येणारा-जाणारा एकेका गावाचं काही सांगायचा. मी ते इथं लिहीत नाही. ज्यांच्यावर बेतलं त्यांनी सांगावं. एवढंच सांगतो की ऐकून माझी बायको चुलीपुढून उठली आणि चाचाच्या खोलीचं दार आपल्या हातानं ओढून घेतलं. तो आत होता. ती बाहेरून म्हणाली, "चाचा, आज जेवण इकडंच. बाहेर येऊ नका, मी आणून देते."

साखऱ्याहून निरोप आला होता की तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या मुसलमान घरांना हात लावू दिला नाही, लेक खुशाल आहे, बापाला कसंही करून इकडं पोचवा. पण साखरा जवळ नव्हतं. बैलगाडीनं पहाटे निघालं तर दिवस मावळताना पोचणार, आणि वाटेत गावं होती. नाक्याजवळच एक शेतकरी राहायचा, त्याची गाडी होती. चांगला माणूस. मी त्याला विचारलं. तो बराच वेळ बैलाची पाठ खाजवत उभा राहिला.

"न्हेतो," तो म्हणाला. "पण ती दाढी गाडीत घेऊन म्या जात न्हाई. माझीबी लेकरं हायेत, मुन्शीजी. तुमीच सांगा, खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. मी घरी आलो आणि चाचाला काय सांगायचं ते कळेना. बायकोनंच सांगितलं. ताटात भाकरी वाढता वाढता, खाली बघून, सरळ सांगून टाकलं. चाचा जेवत राहिला. पाणी प्याला. मग म्हणाला, "लेकीचं लगीन झालं तेव्हाबी लोकं म्हनत होते, थोडी बारीक करा, नवरीचा बाप म्हातारा दिसतो. तेव्हाबी केली न्हाई." नंतर मला म्हणाला, "थोडी ठेवता नाही येणार का? इतकुशी?"

"थोडी ठेवली तरी दाढीच दिसणार, चाचा."

"बराबर," तो म्हणाला. "बराबर हाय."

दुपारची नमाज झाल्यावर तो अंगणात निंबाखाली येऊन बसला. मी अंगणाच्या दाराला आतून कडी लावली. बायकोनं चुलीवर हंडाभर पाणी ठेवलं आणि आपल्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं फाडून दिलं. लांब दाढीवर पत्ती चालत नाही, आधी कातरीनं उतरवावी लागते. घरातली कातर बोथट होती. चाचानं मांडीवर स्वतःचा रुमाल पसरला. मी हनुवटीखाली मूठ धरली आणि कातर लावली तेव्हा त्यानं डोळे मिटले. बोथट कातरीचा आवाज मोठा येतो, वाळलेलं तण कापल्यासारखा. मेंदीचे तांबडे झुपके रुमालात पडत राहिले. मुळाशी केस पांढरेशुभ्र होते. सगळं उतरलं तसं त्यानं रुमालाची गाठ मारली, स्वतःच उठला, भिंतीशी खुरप्यानं खड्डा केला, तो रुमाल त्यात ठेवला आणि माती ओढली. हात धुवून परत येऊन बसला.

मी साबणानं त्याचा चेहरा धुतला. एवढ्या वर्षांत मी कधी त्याला हात लावला नव्हता, त्यानं मला लावला नव्हता. मग फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून त्याच्या तोंडावर ठेवलं, डोळ्यांपासून गळ्यापर्यंत. ऊन निंबातून खाली येत होतं. लेकरं घरात गप्प बसली होती. फडक्याखाली चाचाचा श्वास आत-बाहेर होताना कापड हलत होतं. मग ते वेगळंच हलायला लागलं. खांदेही हलले. आवाज काही नव्हता.

बायकोनं ते बघितलं आणि तांब्याभर कढत पाणी आणून ठेवलं. मी गार झालेलं फडकं काढायच्या आत दुसरं वरून घातलं आणि खालचं ओढून घेतलं, म्हणजे तोंड उघडं पडणार नाही. पुन्हा तसंच. ती पाणी आणत राहिली, मी फडकी बदलत राहिलो. बोटं लावून बघितलं. केस कधीच मऊ झाले होते, माझ्या दाढीला लागतो त्याच्या अर्ध्या वेळात. तरी मी फडकं काढलं नाही. हंडा तळाला जाईपर्यंत आम्ही नवरा-बायको म्हाताऱ्याची दाढी भिजवत बसलो.

शेवटी त्यानंच आपल्या हातानं फडकं उचललं आणि म्हणाला, "झाली असंल आता."

मी तेल लावलं, फेस केला, थांबलो, पुन्हा फेस केला. नवी पत्ती घातली. माझ्या चेहऱ्यावर इतकी वर्षं हात बसलेला, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं उलटं. त्याची कातडी पातळ आणि सैल होती, अंगठ्यानं ताणली की लांबपर्यंत यायची. गळ्याजवळ मी श्वास धरून पत्ती फिरवली. कुठंही कापलं नाही. धुवून, पुसून मी आरसा पुढं केला. त्यानं हातानं तो बाजूला सारला.

कुठं कापलंय का एवढंच मी जवळून बघत होतो, म्हणून मला दिसलं नाही. बायको समोरून आली आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तर आणखीनच दिसून राहिलं."

मी दोन पावलं मागं सरून बघितलं. चाचाचं कपाळ, नाक, गालाचे वरचे भाग, सगळं आयुष्यभर फाटकाशी उन्हात उभं राहून काळं करपलेलं. आणि कानांपासून खाली, जिथं दाढी होती तिथं, चेहरा लहान लेकरासारखा गोरा. मधे सरळ रेघ, जणू कुणी आखली होती. कालपर्यंत दाढी होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. वर हेही कळलं असतं, की लपवायला काढली.

मी ओट्यावर बसलो. एका माणसाकडून त्याची एवढी जपलेली वस्तू काढून घेतली आणि ती फुकट. पुन्हा लावता येत नाही. चाचाला आम्ही सांगितलं नाही, पण त्यानं आमच्या तोंडांकडं बघितलं आणि आता मात्र आरसा मागितला. बघून तो म्हणाला, "आता काहून रडता, बेटी? दिसतंय ते दिसतंय."

बायकोनं डोळे पुसले आणि घरात गेली. ती परत आली ते वाटीत हळद आणि तेल कालवून. "गालगुंडं झालीत म्हणा," ती म्हणाली. "माझ्या भावाले झालती तवा असंच केलतं. लेप लावायचा अन् वरून बांधायचं. लागट राहते, कोणी जवळ येत नाही." तिनं चाचाच्या गोऱ्या जबड्यावर हळदीचा जाड लेप दिला, गालात आतून दाबायला कापसाचे बोळे दिले, आणि हनुवटीखालून डोक्यावर फडकं नेऊन गाठ मारली. गाल फुगले. बोलणं बोबडं झालं. "बोलायचंच नाही," ती म्हणाली. "कोणी काही म्हटलं तरी बोलायचं नाही, चाचा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो, गाडी हाकायला तो शेतकरी, मागं चाचा आणि मी. चाचाची टोपी, जपमाळ आणि नमाजाची सतरंजी त्याच्या बसण्याखाली कडब्यात घातली होती. माझं गाठोडं वेगळं. काळ्या मातीचा चिखल चाकांना चिकटून चाकं दुप्पट जाड व्हायची, मग खाली उतरून काठीनं खरवडायचं, पुन्हा बसायचं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि राखायला माणूस नव्हता. वाटेतली गावं आम्ही बाहेरून काढली. दुपार टळेपर्यंत कुणी विचारलं नाही.

एका ओढ्याच्या उतारावर चार-पाच जण बसले होते. दोघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. एकानं बैलांची वेसण धरली.

"कोन हाय गाडीत?"

गाडीवान घाबरला होता. चाचाबद्दल ठरलेलं खोटं विसरून तो म्हणाला, "नाक्याचे मुन्शी हायेत. कनेरगावचे."

आमचं सगळं बोलणं चाचाबद्दलच झालं होतं. माझ्याबद्दल काय सांगायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वेसण धरणारा माणूस पुढं आला, माझ्या खड्डे पडलेल्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचे डोळे बदलले.

"हाच त्यो," तो बाकीच्यांना म्हणाला. "देवीच्या वणाचा. ह्यानं माझ्या मायचं गठुड्यातलं लुगडं उकलून पाह्यलं व्हतं भर सडकेवर. व्हय ना रे? म्हातारी रडत आलती घरी. उतर खाली."

मी उतरलो. मला ती म्हातारी आठवत नव्हती. किती गाठोडी मी सोडायला लावली होती! त्यानं मला थोबाडीत मारली. जोरात. कानात आवाज बसला. मग म्हणाला, "सोड तुझं गठुडं. एकेक चीज दाखव." मी चिखलात उकिडवा बसून गाठोडं सोडलं. भाकरी, तांब्या, धोतर, दाढीची डबी. त्यानं प्रत्येक वस्तू पायानं सरकवली. डबी उघडायला लावली. ब्रश हातात घेऊन बाकीच्यांना दाखवला आणि ओढ्यात फेकला. सगळे हसले.

गाडीत चाचा अर्धा उठला होता. त्याचे हात कडब्यावर रोवलेले, डोळे माझ्यावर. तो बोलणार हे मला कळलं. मी त्याच्याकडं बघून मान हलवली. गाडीवानानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"अन् ह्यो कोन?" दुसऱ्यानं विचारलं.

"माझा चुलता," मी खालूनच म्हणालो. "गालगुंडं झालीत. लेकीकडं नेतोय. जवळ जाऊ नका, लागट असतं."

तो दोन पावलं मागं सरला. पहिल्याचा राग निवला होता, किंवा तोही थकला होता. त्यांचेही डोळे झोप न झाल्यासारखे लाल होते. त्यानं वाट सोडली आणि मला म्हणाला, "जा. पुन्यांदा फाटकापाशी दिसू नको."

ओढा ओलांडून बराच वेळ गाडी चालली. चाचानं गालातले बोळे काढून हातात धरले. "मुन्शीजी," तो म्हणाला, "थप्पड माझी होती. तुम्ही खाल्ली."

"नाही चाचा. ती माझ्याच नावाची होती."

गाडीवान साखरा येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "माझ्या तोंडातून निघून गेलं, मुन्शीजी. निघूनच गेलं बघा." मी त्याला म्हणालो, राहू दे आता.

लेकीचं घर गावाच्या कडेला होतं. तिनं दार उघडलं, पिवळा लेप लावलेला परका म्हातारा बघून पदर पुढं ओढला आणि दार लोटायला लागली. "कोन पाहिजे?" चाचानं तिला नावानं हाक मारली तेव्हा ती थबकली. तिनं जवळ येऊन फडक्याची गाठ सोडली. हळद वाळून पापुद्रे झाले होते, ते तिनं नखानं काढले आणि खालचा गोरा जबडा बघितला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती मला विचारणार. पण तिनं आम्हाला आत घेतलं, जेवू घातलं आणि बापाला भिंतीशी अंथरूण घालून दिलं. तो तोंड भिंतीकडं करून झोपला.

नाका बंद झाला. माझी नोकरी गेली, मग हिंगोलीत एका आडतीवर हिशेब लिहायचं काम मिळालं. थंडीत सवड झाली तसा मी साखऱ्याला गेलो. लेकीनं सांगितलं की अब्बा सुरुवातीला घराबाहेरच पडले नाहीत. नवे केस फुटताना जबड्यावर पुटकुळ्या आल्या, त्या पिकल्या, तरी हकीमाकडं जायला तयार नव्हते. मशिदीतही गेले नाहीत, नमाज घरातच. आता मुठीत येईल एवढी झाल्यावर जायला लागलेत.

चाचा मागच्या अंगणात बसला होता. दाढी पांढरी होती, मेंदी लावलेली नव्हती. गोरा जबडा आता तिच्याखाली झाकला होता. त्यानं फाटकाचं काय झालं विचारलं. मी सांगितलं, लाकूड कुणीतरी उचलून नेलं, खांब उभे आहेत. त्यानं गाडीवानाच्या बैलांची चौकशी केली. निघताना म्हणाला, "मी तिकडं आता येणार न्हाई, मुन्शीजी. इथं बरं हाय." मग दारापर्यंत येऊन, "बेटीला सलाम सांगा."

मी घरी पोचलो तेव्हा बायको ज्वारी निवडत होती. तिनं विचारलं, "चाचा कसे हायेत?"

"बरे आहेत."

"दाढी आली?"

"आली."

"केवढी?"

मी हनुवटीखाली मूठ धरून दाखवली. ती थोडा वेळ त्या मुठीकडं बघत राहिली, मग सूप पुढं ओढून पुन्हा खडे वेचायला लागली. मी भिंतीला टेकून पाय लांब केले.